बालवीर व वीरबाला चळवळ, वऱ्हाडातील

बालवीर व वीरबाला चळवळ, वऱ्हाडातील : स्काउट व गाइड या नावांनी जगभर ओळखल्या जाणाऱ्या मुलामुलींच्या ऐच्छिक, अराजकीय व शैक्षणिक संघटनेची वऱ्हाडातील शाखा. वऱ्हाडात येथे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हे पाच जिल्हे अभिप्रेत आहेत. गेल्या शतकात हा प्रदेश तीन निरनिराळ्या राज्यरचनांत मोडला. त्यामुळे येथील बालवीर पथकांची वरिष्ठ परिषदही वारंवार बदलत गेली. या चळवळीचा स्थानिक इतिहास त्या फेरबदलांपासून वेगळा काढता येत नाही.

‘बालवीर’ हा ‘स्काउट’ या शब्दाचा मराठीत रूढ झालेला पर्याय असून ‘गाइड’साठी ‘वीरबाला’ हा शब्द योजला गेला. स्काउट म्हणजे खरे पाहता टेहळ्या. सैन्याच्या पुढे जाऊन वाट, पाणी व धोका पाहून येणारा. वीर या शब्दाने शौर्याचा बोध होतो. मूळ कल्पनेत मात्र शौर्यापेक्षा निरीक्षण, सावधपणा आणि स्वावलंबन यांना अधिक स्थान आहे. मराठी पर्याय कानाला गोड असला, तरी त्याने चळवळीविषयी थोडा गैरसमज पसरविला हे मान्य करावे लागते. आता संघटनेच्या कागदपत्रांत ‘स्काउट’ व ‘गाइड’ हेच शब्द वापरले जातात.

उगम : चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) हे ब्रिटिश सेनाधिकारी होते. १८७६ मध्ये ते लखनौ येथील तेराव्या हुसार पलटणीत रुजू झाले आणि पुढे १८९७ ते १८९९ या काळात मीरत येथे त्यांच्याकडे एका घोडदळाचे आधिपत्य होते. तेथे त्यांनी सैनिकांना लहानलहान तुकड्यांत टेहळणीचे शिक्षण देण्याची पद्धत बसविली व ते अनुभव पुस्तकरूपाने १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मॅफेकिंग शहराला पडलेला वेढा २१७ दिवस चालला. त्या वेळी निरोप पोहोचविणे, रुग्णसेवा यांसारखी कामे शहरातील मुलांनी चोख बजावली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर निरनिराळ्या सामाजिक थरांतील सु. वीस मुलांचे शिबिर भरवून त्यांनी आपल्या कल्पनेची परीक्षा घेतली. पुढील वर्षी त्यांचे स्काउटिंग फॉर बॉइज हे पुस्तक निघाले व मुलांनी ते वाचून आपापली पथके उभी केली. १९१० पासून बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या पुढाकाराने मुलींची स्वतंत्र संघटना सुरू झाली. लहान मुलांसाठी कब विभाग १९१६ मध्ये, तर तरुणांसाठी रोव्हर विभाग १९१८ मध्ये काढण्यात आला. कब विभागाची कल्पकथा रड्यर्ड किपलिंगच्या जंगल बुकवर आधारलेली आहे. त्या कथेतील अरण्य सिवनीच्या परिसरातील, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातीलच आहे. इंग्लंडातील मुले ज्या रानाचा खेळ खेळत, ते वऱ्हाडच्या शेजारचे होते.

भारतातील प्रवेश : भारतातील पहिले बालवीर पथक १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगलोर येथे स्थापिले. पाठोपाठ १९१०-११ मध्ये खडकी, लोणावळे, सिमला, मद्रास, जबलपूर आदी ठिकाणी पथके निघाली. ही ठिकाणे बव्हंशी लष्करी छावणीची वा रेल्वेच्या वसाहतीची होती आणि पथकांत यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. भारतातील पहिले वीरबाला पथकही १९११ मध्ये जबलपूर येथे सुरू झाले, त्याचे स्वरूपही असेच होते. हिंदी मुलांना टेहळणी, नकाशावाचन व संकेतप्रेषण शिकविणे सरकारला धोक्याचे वाटे. बंगाल व महाराष्ट्रातील क्रांतिकारकांच्या हालचाली लक्षात घेता ही भीती सरकारच्या दृष्टीने निराधार नव्हती. परंतु तिचा परिणाम सरकारला नको होता तोच झाला. प्रवेश नाकारल्यामुळे हिंदी नेत्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या. १९१६ मध्ये ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रास येथे इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन स्थापन केली. फेटा, हिंदी गाणी व मायभूमीविषयीची निष्ठा ही तिची वैशिष्ट्ये होती. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या प्रयत्नांनी अलाहाबाद येथे सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. कुंभमेळ्यासारख्या यात्रांतील सेवा हे तिचे मुख्य कार्यक्षेत्र होते.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारताचा दौरा केला. त्याचे फलित म्हणून बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत विलीन झाली व हिंदी मुलांना अधिकृत पथकांत मुक्तद्वार मिळाले. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. निष्ठेची शपथ ब्रिटिश राजाच्या नावे घ्यावी की देशाच्या, हा मतभेदाचा मुद्दा होता.

प्रांतिक परिषद : व्हाइसरॉय हे देशाचे आणि गव्हर्नर हे आपापल्या प्रांताचे मुख्य स्काउट, अशी रचना १९२१ नंतर रूढ झाली. प्रत्येक प्रांतात एक प्रांतिक परिषद, तिचा कार्यकारी प्रमुख म्हणून प्रांतिक आयुक्त, त्याखाली जिल्हा व स्थानिक संस्था अशी उतरंड असे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. १९०२ च्या करारान्वये ते कायमच्या पट्ट्याने घेण्यात आले व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. त्यामुळे येथील पथके नागपूर येथून चालणाऱ्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रांतिक संघटनेत मोडत. या प्रदेशावर नाममात्र स्वामित्व हैदराबादच्या निजामाचे, १९३६ पासून निजामाच्या युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ हा किताब, कारभार नागपूरच्या गव्हर्नरचा आणि शपथ इंग्लंडच्या राजाची, असा प्रकार होता. राजनिष्ठेचे वचन देणाऱ्या शाळकरी मुलाला त्यातील किती कळत असेल, हा प्रश्नच आहे.

प्रांतिक संघटनेशी दीर्घकाळ निगडित असलेले नाव म्हणजे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस (१८९१–१९८३). नागपूर येथे वकिली व पुढे उच्च न्यायालयात न्यायाधीशपद भूषविणारे बोस दोन महायुद्धांदरम्यान प्रांताच्या बालवीर कार्यात अग्रभागी होते. चळवळीतील विशेष सेवेबद्दल दिला जाणारा ‘सिल्व्हर वुल्फ’ हा बहुमान त्यांना मिळाला. ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोन प्रतिस्पर्धी संघटनांच्या एकीकरणाच्या वाटाघाटींतही त्यांचा वाटा होता. अशा व्यक्तींमुळे प्रांतिक परिषद केवळ सरकारी खाते राहिली नाही. तथापि पथके मुख्यत्वे माध्यमिक शाळांच्या आश्रयाने वाढल्यामुळे ती शहरे व तालुक्याची मोठी गावे यांपुरती सीमित राहिली. गणवेशाचा खर्च हाही खेड्यांतील प्रसाराच्या आड येणारा मोठा अडसर होता.

वऱ्हाडात या चळवळीला रिकामे मैदान मिळाले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अमरावती येथे अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था वाढली होती. तिच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. काँग्रेसच्या १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवा दलाची पायाभरणी झाली. नागपुरात १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि पुढे १९४१ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दल यांची स्थापना झाली. संत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारून ग्रामसेवेची स्वतंत्र परंपरा सुरू केली. गाडगे महाराजांच्या झाडूने तर या भागातील यात्रांना स्वच्छतेचा धडा आधीच दिला होता. लेझीम, मल्लखांब, समूहगीत व ग्रामसफाई हे सारे वऱ्हाडातील मुलाला अन्यत्रही मिळत होते, तेही राजनिष्ठेची शपथ न घेता. त्यामुळे बालवीर पथकाकडे सुशिक्षित कुटुंबांतून ‘सरकारी’ म्हणून पाहण्याची वृत्ती होती. मात्र लहान गटाने आपला नायक निवडावा, आपले निर्णय आपण घ्यावेत व प्रत्येकाने स्वतःच्या गतीने कसोट्या उतरत जावे, ही पद्धत बालवीर संघटनेचीच देणगी होय. आखाड्यातील उस्तादाभोवतीच्या शिस्तीपेक्षा ती निराळी आहे.

१९३७ चा वाद : फेब्रुवारी १९३७ मध्ये दिल्ली येथे पहिला अखिल भारतीय महामेळावा भरला. बेडन-पॉवेल त्यास उपस्थित होते. या भेटीनंतर हिंदी लोकांच्या शीलाविषयी आणि त्यांच्या भाषांत ‘ऑनर’ या कल्पनेस योग्य शब्द नसल्याविषयीचे उद्गार त्यांच्या नावे प्रसिद्ध झाले व देशभर संताप उसळला. अनेकांनी मूळ संघटना सोडली. सेवा समिती व इतर गट एकत्र येऊन १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. मराठीपुरते बोलायचे, तर हा आक्षेप टिकणारा नव्हता. स्काउटच्या मराठी वचनात ‘ऑनर’साठी ‘शील’ हा शब्द वापरला जातो आणि तो मूळ शब्दाहून व्यापक आहे. ‘ऑनर’मध्ये लोकांनी दिलेला मानही येतो. शील हे कोणी पाहत नसतानाही टिकवायचे असते.

१९३८ नंतर एकाच गावात, क्वचित एकाच शाळेत, दोन गणवेशांची व दोन शपथांची पथके शक्य झाली. हे द्वैत स्वातंत्र्यानंतर निरर्थक ठरले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद व मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा यांनी एकीकरणाचा पाठपुरावा केला. कुंझरू, वाजपेयी व बोस यांनी वाटाघाटी पार पाडल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच राष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. मुलगे व मुली यांची एकच राष्ट्रीय संस्था असण्याची ही रचना त्या काळी जगात थोड्याच देशांत होती.

राज्यांतर : वऱ्हाडातील पथके १९५० नंतर तत्कालीन मध्य प्रदेश राज्याच्या शाखेत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाले. साहजिकच नागपूरऐवजी मुंबई हे वरिष्ठ केंद्र झाले. या स्थित्यंतरात वऱ्हाडने एक गोष्ट गमावली. सातपुड्यातील पचमढी हे जुन्या प्रांताचे उन्हाळी राजधानीचे ठिकाण मध्य प्रदेशातच राहिले आणि १९५६ मध्ये तेथेच संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. राष्ट्रीय पातळीवरील प्रशिक्षणासाठी वऱ्हाडातील शिक्षकांना अद्यापही तेथे जावे लागते. ते ठिकाण मुंबईपेक्षा त्यांना जवळ आहे, ही त्यातल्या त्यात सोय. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. कब व बुलबुल पथके खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचण्यास ही व्यवस्था उपकारक ठरली.

संघटना : राष्ट्रपती हे राष्ट्रीय संघटनेचे व राज्यपाल हे राज्यशाखेचे आश्रयदाते असतात. राज्यशाखेचा कार्यभार राज्य मुख्य आयुक्तांकडे असून त्यांच्या साहाय्यास स्काउट व गाइड विभागांचे स्वतंत्र आयुक्त, तसेच संघटन व प्रशिक्षण या कामांचे अधिकारी असतात. जिल्हा पातळीवर जिल्हा मुख्य आयुक्त व कार्यकारिणी असते. प्रत्यक्ष काम जिल्हा संघटकांवर अवलंबून असते. पथकांची नोंदणी, शिबिरे, कसोट्या व शिक्षकांचे प्रशिक्षण ही सर्व कामे ते पाहतात. तालुक्याच्या पातळीवर स्थानिक संस्था असू शकते. राज्य शासन अनुदान देते. उर्वरित खर्च नोंदणी शुल्क आणि ‘खरी कमाई’ या उपक्रमातून भागविला जातो. खरी कमाई म्हणजे मुलांनी देणगी न मागता श्रमाचे काम करून मिळविलेला पैसा. ब्रिटनमध्ये १९४९ पासून चाललेल्या अशाच उपक्रमाशी त्याचे साम्य आहे. बूटपॉलिशपासून खाद्यपदार्थांच्या विक्रीपर्यंत अनेक कामे मुले करतात. काही शाळांत मात्र पालकांकडून रक्कम आणून ती कमाई म्हणून भरण्याचा प्रघात पडला आहे. उपक्रमाचा हेतूच त्यामुळे नाहीसा होतो.

वयोगटानुसार सु. ५ ते १० वर्षांच्या मुलांचे कब व मुलींचे बुलबुल, त्यापुढे १७-१८ वर्षांपर्यंत स्काउट व गाइड आणि २५ वर्षांपर्यंत रोव्हर व रेंजर असे विभाग आहेत. स्काउट पथक ६ ते ८ मुलांच्या संघांत विभागलेले असते. प्रत्येक संघाला एक संघनायक असतो. संघनायकांची मानसभा पथकाचा कार्यक्रम ठरविते, खर्चावर लक्ष ठेवते व शिस्तीचे प्रश्न सोडविते. पथकप्रमुख शिक्षक तीत सल्लागार असतो. प्रगतीचे टप्पे प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार असे आहेत. बुलबुलांचे टप्पे कोमल, रजत, सुवर्ण व हीरक पंख या नावांनी ओळखले जातात. पथकप्रमुखांना प्राथमिक व प्रगत पाठ्यक्रमांनंतर ‘हिमालय वुड बॅज’ ही पात्रता मिळते. या प्रशिक्षणाची परंपरा १९१९ मध्ये इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे सुरू झाली. स्काउटचे नियम मूळ नऊ होते, १९११ मध्ये दहावा वाढला. भारतीय संघटनेत आज ते नऊ असून निसर्गप्रेम व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण यांचा त्यांत अंतर्भाव आहे.

तालुक्याच्या गावातील पथक : संघटनेचे खरे स्वरूप परिषदेत नव्हे, तर पथकात दिसते. त्या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी हे तालुक्याचे गाव उदाहरण म्हणून घेता येईल. शहानूर नदीकाठचे हे गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग, ईशान्येस गाविलगड, वायव्येस अकोला जिल्ह्यातील नरनाळा आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अशी त्याची भौगोलिक स्थिती आहे. अवघ्या एका दिवसाच्या वाटचालीत एवढी विविधता क्वचितच आढळते. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या हाती पडला आणि ३० डिसेंबर रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. नकाशावाचनाच्या कसोटीसाठी काल्पनिक मैदान आखण्याऐवजी वेढ्यातील तोफा कोणत्या उंचवट्यावर असाव्यात हे मुलांना प्रत्यक्ष शोधावयास लावता येते. खारपाण पट्ट्यातील विहिरीचे पाणी दिसावयास निवळ असूनही पिण्यास योग्य का नसते, उकळून वा तुरटी फिरवून त्यातील क्षार का जात नाहीत, हा आरोग्य व पाणी या विषयांवरील धडा येथील मुलांच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहे. पानमळ्यातील वेल आधाराला कसा बांधतात हे पाहिलेल्या मुलास दोराच्या गाठी शिकविणे अवघड जात नाही. न काचणारी, तरीही न सुटणारी गाठ त्याने घरीच पाहिलेली असते.

डोंगरातील मुक्कामाच्या शिबिरांवर मात्र मर्यादा आल्या आहेत. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाल्यापासून वनखात्याच्या अनुमतीवाचून रानात तंबू ठोकता येत नाहीत व शेकोटी पेटविता येत नाही. हे निर्बंध रास्तच आहेत. त्यामुळे शिबिरे बहुधा शाळेच्या पटांगणात किंवा चिखलदऱ्यासारख्या वस्तीच्या ठिकाणी भरतात. मागोवा घेण्याचा खेळ पटांगणात खेळता येतो. परंतु रात्री दिशा ओळखण्याची, ओल्या काटक्यांनी चूल पेटविण्याची परीक्षा तेथे होत नाही.

वीरबाला विभाग : भारत १९२८ मध्ये गाइड चळवळीच्या जागतिक संघटनेचा संस्थापक-सदस्य होता. या संघटनेचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुणे येथे सुरू झाले. ग्रामीण वऱ्हाडात मुलींच्या पथकांपुढील अडचण निराळ्या प्रकारची आहे. प्रथमोपचार, शिवण, आरोग्य या विषयांना घरून विरोध होत नाही. विरोध होतो तो रात्रीच्या मुक्कामाला. स्त्री-शिक्षिका पथकप्रमुख म्हणून उपलब्ध नसल्यास पालक मुलीस शिबिराला पाठवीत नाहीत आणि शिबिरावाचून पुढील सोपान पूर्ण होत नाही. त्यामुळे प्रारंभी समान असलेली मुलामुलींची संख्या राज्य पुरस्काराच्या टप्प्यापर्यंत सारखी राहील की नाही, हे शाळेत प्रशिक्षित शिक्षिका आहे की नाही यावर ठरते.

अडचणी : महाराष्ट्रात माध्यमिक शालान्त परीक्षेत स्काउट-गाइडच्या वरिष्ठ पुरस्कारांसाठी सवलतीचे गुण देण्याची तरतूद झाली आहे. तिने नोंदणीस चालना मिळाली, त्याचबरोबर प्रमाणपत्रापुरता सहभागही वाढला. प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतास गणवेशातील मुले उन्हात उभी करणे हा आणखी एक रूढ दुरुपयोग होय. मानसभेला पथकाचे काही ठरविण्याचा अधिकार असेल, तर अशा निमंत्रणास नकार देण्याचाही अधिकार तिला असावयास हवा. तो कोठे वापरला जात नाही, कारण बहुतेक शाळांत मानसभा नोंदवहीपुरतीच भरते. शिक्षकाकडे पथकाचे काम अध्यापनाव्यतिरिक्त असते व त्यासाठी वेळापत्रकात मिळणारा तास परीक्षा जवळ आल्यावर प्रथम काढून घेतला जातो. जिल्हा परिषद शाळांत याखेरीज बदल्यांचा प्रश्न आहे. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली, की त्याचे पथक निर्नायक होते. नव्या शिक्षकाचा प्राथमिक पाठ्यक्रम पूर्ण होऊन पुन्हा नोंदणी होईपर्यंत एक शैक्षणिक वर्ष निघून जाते आणि द्वितीय सोपानावर असलेली सातवीची मुले तोवर दुसऱ्या शाळेत गेलेली असतात.